भट्टी उंच करून बघितली, पण...

झोतभट्टीच्या वरच्या तोंडातून जो वायू बाहेर पडतो त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड असतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश लोखंडवाल्यांना हे फार खुपायचं. साहजिकच आहे! खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो तो हाच वायू. त्यासाठी महागाचा कोक जाळायचा आणि अर्धवट वापरलेला माल वरून पळून जाताना बघायचा? निदान सोपं होतं: वायूला खनिजाजवळ पुरेसा वेळ मिळत नाही. उपाय त्याहून सोपा: भट्टी उंच करा.

मिडल्सबरोच्या परिसरात 1850 नंतरच्या वीसएक वर्षांत पन्नासएक फुटांच्या भट्ट्या शंभरीच्या घरात गेल्या. सुरुवातीला कोक वाचलाही, पण मोनॉक्साइड काही हटेना. 1888 मध्ये ल शातेलिएने (हो, बारावीच्या पुस्तकातला तोच) या वाया गेलेल्या पैशावर नेमकं बोट ठेवलं. ही क्रिया मुळात पूर्ण होतच नाही. 900 अंश सेल्सिअसला वायूत साधारण दोन तृतीयांश मोनॉक्साइड उरला की लोखंडाच्या ऑक्साइडाकडून त्याला आणखी ऑक्सिजन मिळत नाही, मग भट्टी कुतुबमिनाराएवढी का असेना. आमच्या धंद्यात जी अट कधी खरी होणारच नाही तिच्यासाठी टाइमआउट वाढवत बसतात, तसंच हे.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. मला ती अर्धीच वाटते.

कारण भट्टीत दुसरीही एक क्रिया चालू असते. तापलेल्या कोळशावरून कार्बन डायॉक्साइड गेला की कोळसा खाऊन त्याचा मोनॉक्साइड होतो. शेगडीतल्या लाल निखाऱ्यांवर निळसर ज्योत दिसते ना, ती या मोनॉक्साइडचीच. बंद खोलीत शेगडी जीव घेते ती याच्यामुळे. ल शातेलिएचा सहकारी ऑक्टाव्ह बुदुआर याने 1900 च्या सुमारास या क्रियेचा समतोल मोजला. 650 अंशांना मोनॉक्साइड 39 टक्के, 800 ला 93, 925 ला 96. म्हणजे थंडीत उलटी गंगा: मोनॉक्साइड मोडून काजळी आणि कार्बन डायॉक्साइड.

आता गंमत बघा. भट्टीच्या तोंडाशी वायू दोन-तीनशे अंशांवर आलेला असतो. समतोलाचंच खरं मानलं तर तिथे मोनॉक्साइड जवळपास उरायलाच नको! पण तो उरतो, कारण त्या तापमानाला ही क्रिया झोपलेली असते. थोडं खाली, पाचशे अंशांच्या आसपास, लोखंडाचा कण सापडला तर मात्र ती जागी होते आणि विटांच्या फटींत काजळी साठून अस्तर फुटतं. मिडल्सबरोचेच कारखानदार लोदियन बेल यांनी 1872 च्या ग्रंथात या काजळीवर बरेच प्रयोग दिले आहेत.

तेव्हा 'किती होणार' आणि 'किती वेगाने होणार' हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर बुदुआरच्या आकड्यांत मिळतं, दुसऱ्याला आणखी पन्नास वर्षं लागली. 1956 मध्ये साबरी एर्गुनने ते दोन पायऱ्यांत मांडलं. कार्बन डायॉक्साइड आपला एक ऑक्सिजन कोळशाच्या पृष्ठभागावर ठेवून मोनॉक्साइड होऊन निघून जातो. मग तो ठेवलेला ऑक्सिजन एक कार्बन उपटून घेऊन उडतो. पहिली पायरी उलटही फिरते. त्यामुळे आसपास मोनॉक्साइड जास्त असला की तो ठेवलेला ऑक्सिजन परत उचलतो आणि वेग मंदावतो. आपल्याच मालाने आपलीच वाट अडवायची!

हा वेग आज कोकच्या दर्जाची कसोटी आहे. 200 ग्रॅम कोक, 1100 अंश, दोन तास कार्बन डायॉक्साइडचा झोत, आणि मग वजन किती घटलं ते बघायचं. भट्टीवाल्याला कमी घट हवी, कारण कोक खाली पोचेपर्यंत टिकला पाहिजे, वरचा भार त्यालाच पेलायचा असतो. कोळशापासून गॅस करणाऱ्याला नेमकं उलटं हवं, म्हणून त्यांच्या प्रयोगांत कोळशाला मुद्दाम पोटॅशियमचे क्षार लावून वेग वाढवतात. तेच पोटॅशियम खनिजाबरोबर झोतभट्टीत शिरलं की भट्टीवाले कपाळाला हात लावतात.