आत्म्याच्या सौद्याची कुळकथा

सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची गोष्ट मूळची ख्रिस्ती जगातली. सहाव्या शतकाची पार्श्वभूमी असलेल्या आख्यायिकेत अदानाचा थिओफिलस पदासाठी सैतानाला कागद लिहून देतो. पुढे तो पस्तावतो आणि मेरीमाता तो कागद परत मिळवून देते. १५८७ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या पुस्तकातल्या फाउस्टला कोणी सोडवले नाही. रक्ताने सही, २४ वर्षांची मुदत आणि मुदत भरताच भयंकर मरण. इंग्रज नाटककार मार्लोचा नायकही नरकातच जातो. जर्मन कवी गटेने मात्र आपल्या 'फाउस्ट' नाटकाच्या १८३२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात फाउस्टला तारले. या नाटकाचा पहिला भाग विंदा करंदीकरांनी १९६५ मध्ये मराठीत आणला.

पण मोहाचा हाच पेच फाउस्टच्या कितीतरी आधी वऱ्हाडात लिहिला गेला होता. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांकडे कामाख्या नावाची योगिनी येते आणि रतीसुखाचा हट्ट धरून बसते. राऊळ तिच्याशी कसलाही सौदा करत नाहीत, ते देहच ठेवतात. त्याच वेळी भडोचला प्रधानाचा तरुण मुलगा हरिपाळदेव वारलेला असतो. राऊळ त्या देहात प्रवेश करतात, आणि स्मशानात नेलेला मुलगा उठून बसतो. पुढे हरिपाळदेव जुगारात हरतात आणि पत्नी कमळाइसा दागिने द्यायला नकार देते, तेव्हा त्यांचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते निघतात आणि रिद्धपूरला गुरू गोविंदप्रभूंपाशी पोचतात. तेच महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर.

फाउस्ट हवे ते मिळवण्यासाठी आत्मा देऊन बसतो. इथे नको ते टाळण्यासाठी देह टाकला जातो. मला ही कल्पना जास्त धीट वाटते.

सौद्याचा परिणामही महानुभावांनी स्वतंत्रपणे मांडला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांनी वेगळे मानले. देवतेची भक्ती केली तर फळ मिळते, पण ते मुदतीचे. भोगून सरले की जीव पुन्हा जन्ममरणात. फाउस्टची २४ वर्षे आणि हे देवताफळ यांत मला फार अंतर दिसत नाही. मोक्ष देणारा मात्र एकटा परमेश्वर, आणि त्याच्याशी देवघेव चालत नाही.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत फाउस्ट शिकवला जाईल तेव्हा लीळाचरित्राचा 'एकांक' हा भाग शेजारी ठेवावा. भाषा जुनी असली तरी वऱ्हाडी कानाला ती परकी वाटणार नाही.