कुशीला दिलेली उसंत

टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. परंतु शब्द जितका परिचित, तितकीच त्यामागची हकीकत अपरिचित. वास्तविक ते मूल नळीत वाढत नाही. काचेच्या उथळ बशीत स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ पडते आणि दोन-पाच दिवसांत तो इवला गर्भ आईच्या कुशीत परत जातो. बशीतले काम एवढेच! त्याआधी बीजे पिकवावी लागतात, नंतर कूस सांभाळावी लागते, आणि ही दोन्ही कामे औषधांची. जगाने बशीचे कौतुक केले, औषधे मात्र पडद्याआडच राहिली. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. पण या हकीकतीत औषधांइतकीच माणसे आहेत, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

या औषधांची कुळकथा मोठी नवलाची आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या हुकमावाचून स्त्रीच्या बीजांडकोशात बीज पिकत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीचा बीजांडकोश थकतो, पण ग्रंथी हुकूम सोडायचे थांबत नाही. उलट अधिकच जोराने सोडते. ते अंतःस्राव मग लघवीवाटे बाहेर पडतात. इटलीतील पिएरो डोनिनी या रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात ते शुद्ध करून दाखविले. त्याच औषधाचे नाव पेर्गोनाल.

औषध सापडले, पण त्यासाठी रोज एवढी लघवी आणावयाची कोठून? शेकडो वयस्क स्त्रिया एका जागी हव्यात आणि त्यांत एकही गर्भवती नको. ब्रूनो लुनेनफेल्ड नावाचे तरुण डॉक्टर १९५७ साली हा प्रश्न घेऊन रोमला गेले. औषधकंपनीच्या संचालकांना त्यांचे म्हणणे प्रथम पटले नाही. पोप बारावे पायस यांचे पुतणे ज्यूलिओ पाचेल्ली यांनी ते उचलून धरले आणि वाट निघाली, ती थेट मठांच्या दाराशी! वृद्ध संन्यासिनींनी आपली लघवी औषधासाठी दिली. पुढे १९६२ साली तेल अवीव येथे या औषधामुळे एक मुलगी जन्मास आली. ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्यांनी परक्या घरचा पाळणा हलविला. त्या संन्यासिनींची नावे आज कोणाला ठाऊक?

आता इंग्लंडात ओल्डहॅमला जाऊ. तेथे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी वर्षानुवर्षे खपत होत्या. बीजे पिकविण्याची औषधे त्यांनीही दिली. बशीत गर्भ तयार होई, कुशीत ठेवला जाई, पण टिकत नसे. कूस सावरावी म्हणून त्यांनी आणखी एक औषध दिले. त्याचे नाव प्रिमोल्युट. पुढे असे ध्यानात आले की ज्या औषधाने गर्भाला आधार मिळायचा, तेच बहुधा त्याच्या मुळावर येत होते. शेवटी त्यांनी औषधे बाजूला ठेवली आणि निसर्गतः महिन्याला पिकणारे एकुलते एक बीज घेतले. तेव्हा कोठे यश आले. २५ जुलै १९७८ रोजी पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

पण म्हणून औषधेच वाईट ठरतात काय? याचे उत्तर त्याच सुमारास आपल्या कलकत्त्यात एक माणूस शोधीत होता. डॉ. सुभाष मुखर्जी हे त्यांचे नाव. कलकत्ता आणि एडिनबरो अशा दोन विद्यापीठांची डॉक्टरेट त्यांच्यापाशी होती. त्यांनी औषध देऊन एकाच वेळी अनेक बीजे पिकविली. मात्र औषधाने त्या महिन्यात सारे शरीरच ढवळून निघते. कूस गर्भ झेलायला तयार नसते. म्हणून त्यांनी घाई केली नाही. गर्भ गोठवून ठेवला आणि कुशीला उसंत दिली. त्रेपन्न दिवसांनी, पुढच्या स्वाभाविक पाळीत, तो आईच्या पोटी ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडनंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, कन्या जन्मली. लोक तिला दुर्गा म्हणू लागले.

यानंतरची हकीकत लिहिताना लेखणी अडखळते. सरकारने चौकशी समिती नेमली. या शाखेत प्रत्यक्ष काम केलेले त्यात कोणी नव्हते. समितीने दावा फेटाळला. डॉक्टरांना जपानला जाऊन आपले संशोधन मांडण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. १९९० साली आलेला ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट काहींना आठवत असेल. त्याचे मूळ याच शोकांतिकेत आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत अशाच औषधाने पिकविलेल्या बीजापासून मूल झाले. १९८४ साली ऑस्ट्रेलियात गोठविलेल्या गर्भापासून मूल झाले. मुखर्जींनी हे दोन्ही १९७८मध्येच केले होते.

येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. पहिलेपणाचा मान कोणाला नको असतो? पण १९९७ साली आनंद कुमार कलकत्त्यास गेले, मुखर्जींची टिपणे त्यांनी बारकाईने वाचली आणि जाहीर लिहिले, की हा मान माझा नव्हे, त्यांचा. मुलांना मी सत्याचे धडे शिकवितो. त्यांत याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

आज अनेक दवाखान्यांत गर्भ गोठवून पुढच्या महिन्याची वाट पाहिली जाते. बीजे काढल्यावर कुशीला आधार म्हणून प्रोजेस्टेरॉन देतात, तेही दिवस मोजून. औषध कोणते, इतकेच ते केव्हा, हेही महत्त्वाचे, हे शहाणपण असे महागात मिळाले आहे.

आणि वाचकहो, ही वेळेची गोष्ट केवळ डॉक्टरांनीच ध्यानी धरावी असे नाही. दिवाळीला घरी आलेल्या सुनेला, लेकीला, ‘गोड बातमी कधी?’ असे आपण सहज विचारतो. तिच्या दंडावर सुईचे डाग असतील, मागच्याच महिन्यात तिची आशा मावळली असेल. आपल्याला काय ठाऊक? शास्त्राने कुशीला उसंत द्यायला शिकून पुष्कळ वर्षे झाली. घराने शिकायला अजून किती लावावी?