स्वप्नातलं पावशेर तूप
इतिहासाला स्वप्नाची साक्ष चालते का? जुन्नर तालुक्यात ओतूरला, मांडवी नदीकाठी, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. हे तुकोबांचे गुरू. पण उपदेश झाला तो स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असा दिवसही तुकोबा अभंगात देतात. आणि बघा, गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं, ते मी स्वप्नातच विसरलो, हेही सांगतात! महत्त्व वाढवायला रचणारा माणूस असली फजिती कशाला ठेवील? मला हा तपशील फार खरा वाटतो. १९५३ साली शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे झपाट्यानं हलतात तो टप्पा नोंदवला. ठळक स्वप्नं बहुधा त्यातच पडतात, आणि तेव्हा मेंदूचा विचार तोलणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. तूप राहिलं, ‘रामकृष्णहरी’ मंत्र मात्र जागेपणी लक्षात राहिला. पुढे बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला, तोही स्वप्नातच.