माळवदाचे ओझे आणि लाकडाचा हिशेब

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव बालाघाटाच्या परिसरात, परळी–विकाराबाद लोहमार्गावर वसलेले असून, या भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताची असत. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण, म्हणजे लाकडाचे लहान तुकडे, त्यावर पाला आणि सर्वांत वर गावठाणातील पांढरी माती, अशी ही रचना होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती छतासाठी निरुपयोगी ठरे.

एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरते, आणि गळती थांबवण्यासाठी वेळोवेळी नवी माती पडत गेल्याने थर पिढ्यागणिक वाढत जाई. एवढे ओझे पेलणाऱ्या लाकडाच्या बाबतीत जाडीपेक्षा लांबी अधिक घातक असते: कडीची उंची दुप्पट केली तर तिची ताकद चौपट होते, रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट, मात्र आधारांतील अंतर दुप्पट झाल्यास, दर फुटावरचे ओझे तेच राहूनही, तिचा झोक सोळापट वाढतो. सुताराजवळ हे गणित कोष्टकात मांडलेले नव्हते, ते ‘खणा’त सामावलेले होते. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण; घर मोठे करायचे तर खण रुंद न करता खणांची संख्या वाढवली जाई, आणि घराचा आकारही खणांतच सांगितला जाई. बाभळीचे लाकूड चिवट असले तरी लांब व सरळ क्वचितच मिळते, त्यामुळे आखूड खण ही गरजही होती. लांब सागवान ज्याला परवडे त्याच्याच वाड्यात ऐसपैस सोपा दिसे.

या व्यवस्थेतील दोष लाकडापेक्षा भिंतींत होता, हे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि जड माळवदांखाली माणसे गाडली गेली. तरीही छताचा भार खांबांवर असलेल्या काही घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. पुढे घरांच्या मजबुतीकरणात छतावरील माती कमी करण्याचा सल्ला दिला गेला, तो याच कारणाने.

माळवदाच्या जागी पत्रा आला आणि प्रश्न उलटा झाला. पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला पाच-सहा किलो. तेव्हा वासे बारीक आणि विरळ चालतात, पण वादळी वारा छताला खाली दाबण्याऐवजी वर उचलतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची सर्रास दिसणारी रीत म्हणजे गमावलेल्या वजनाची अपुरी भरपाईच म्हणावी लागेल, कारण वारा सुटला की तेच दगड खाली येतात. वाशाचे माप आणि अंतर आता मुख्यतः त्याला भिंतीशी व पत्र्याला वाशाशी जखडणाऱ्या पट्ट्या आणि हुक बोल्ट किती ताण सोसतील यावरून ठरवावे लागते, आणि जुन्या सुताराच्या हिशेबात ही बाब कधी आलीच नव्हती.