व्हिएन्नाचा दक्षिण मनोरा व १६८३ चा वेढा

वेढ्याचे कागद वाचणाऱ्यानें तें शहर एकवार उंचावरून पाहावें, आणि उंचावरून पाहणाऱ्यानें कागद हातीं ठेवावे. दोहोंपैकीं एकावरच विसंबल्यास कसा घोटाळा होतो, हें दाखविण्यासाठीं व्हिएन्ना शहराचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तेथील सेंट स्टीफन कॅथीड्रलचा दक्षिण मनोरा १४३३ सालीं पुरा झाला. त्याची उंची सुमारें १३६ मीटर आहे. ३४३ पायऱ्यांचा अरुंद चक्री जिना चढून गेल्यावर पहारेकऱ्यांची खोली लागते. शहरांत कोठें आग दिसल्यास इशारा द्यावा, हें पूर्वीं येथील पहारेकऱ्यांचें नित्याचें काम असे. खोलीच्या खिडक्यांतून चोहोंकडील शहर दृष्टीस पडतें.

१४ जुलै ते १२ सप्टेंबर १६८३ पर्यंत वजीर कारा मुस्तफा ह्याच्या तुर्की फौजेनें शहरास वेढा घातला होता. शहराचा रक्षक काउंट स्टारेमबर्ग ह्याच मनोऱ्यावरून शत्रूच्या मोर्चांवर नजर ठेवी, व बाहेरील मदतीच्या फौजेस खूण म्हणून येथूनच रात्रीं बाण सोडीत. तुर्कांच्या सुरुंगांचा मुख्य मारा राजवाड्याच्या बाजूस बुर्ग व ल्योवेल ह्या दोन बुरुजांवर होता.

आज वर उभें राहून हे बुरूज शोधूं गेल्यास सांपडत नाहींत. १८५७ सालीं बादशहा फ्रान्झ जोसेफ ह्यानें तट पाडण्याचा हुकूम दिला, आणि तट व त्यापुढील मोकळें मैदान ह्यांच्या जागीं रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता व मोठमोठ्या इमारती झाल्या. तथापि जुन्या शहरास वळसा घालून कालव्याकडे जाणारा हा रस्ता वरून पाहिला म्हणजे तटाचा घेर ध्यानांत येतो. जमिनीवरून चालणाऱ्यास तो सहसा उमगत नाहीं.

याच्या उलट, वायव्येस दिसणाऱ्या टेकड्यांविषयीं डोळाच फसवितो. पोलंडचा राजा सोबिएस्की व त्याचे मित्र ह्यांची फौज ह्या टेकड्यांवरून उतरली. तेव्हां डॅन्यूबलगतच्या टेकडीस कालेनबर्ग म्हणत. वेढ्यानंतर तेथें संत लिओपोल्डचें देऊळ उभें राहून ती लिओपोल्डसबर्ग झाली, आणि जुनें नांव शेजारच्या टेकडीकडे गेलें. तेव्हां १६८३ च्या कागदांतील कालेनबर्ग म्हणजे आजच्या नकाशांतील कालेनबर्ग, असें समजणारा लेखक सैन्य भलत्याच माथ्यावर नेऊन उभें करील.

चित्रसंग्राहकांस उपयोगी अशी आणखी एक खूण आहे. मनोऱ्याच्या टोंकावर पूर्वीं तारा व चंद्रकोर होती. वेढ्यानंतर, १६८६ सालीं, ती उतरविण्यांत आली. म्हणून शिखरावर चंद्रकोर दाखविणारें शहराचें चित्र त्या सालापूर्वींची स्थिति दाखवितें, मग तें छापलें केव्हांही असो. खालीं दिसणारें रंगीत कौलांचें छप्पर तर १९४५ च्या आगीनंतर नव्यानें उभारलेलें आहे.

आमच्याकडील गडांच्या वेढ्यांसही हाच नियम लागू आहे. कागदांत आलेला माळ, टेंकडी वा खिंड प्रत्यक्ष जागेवर ताडून, तिचें त्या काळचें नांव निश्चित केल्यावांचून मोर्चांचा नकाशा काढूं नये; आणि जुनीं चित्रें, नकाशे व दप्तरें निरनिराळीं न ठेवतां एकत्र जतन करावीं, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.