दप्तर कुणाच्या घरी?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-बंगळुरात संगणकावर काम करणारी मुले गावी परतली. हुबळी, धारवाड, बेळगाव येथेच नव्हे, तर कलघटगीसारख्या तालुक्याच्या गावीही माजघरात लॅपटॉप उघडले गेले. पुढे कंपन्यांनी या मुलांना परत बोलावले, आणि काम घरून बरे की कचेरीतून, हा वाद उभा राहिला. हा वाद नवा आहे असे सर्वत्र मानले जाते. आपल्या मुलखाला मात्र तो नवा नाही. ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल अजून बांधून ठेवलेले आहेत, त्या घरांनी तो पूर्वीच भोगला आहे.

कुलकर्णी हा गावचा लेखनिक. जमिनीची नोंद, सारा, येणे-बाकी हे सारे त्याच्या हातचे. पण त्याला वेगळी कचेरी नसे. दप्तर त्याच्या घरी, बैठक त्याच्या सोप्यात. लिहिणारा मराठी असो वा कन्नड, रीत तीच. या व्यवस्थेचे गुण होते. मुलगा बापाच्या शेजारी बसून हिशेब शिके. ऊन-पावसात कुठे जावे लागत नसे. घर, शेती आणि कारकुनी एकाच छपराखाली चाले.

दोष मात्र गावाला सोसावे लागत. दप्तर गावाचे, पण ते पाहायचे तर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहायचे. कोणता कागद कधी दिसेल, हे घरधन्याच्या मर्जीवर. आत काय लिहिले जाते ते बाहेरच्याला कळत नसे. शिकायला मिळे तेही त्या घरात जन्मलेल्यालाच.

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. त्या राज्याने १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला आणि १९५१ पासून तो अमलात आला. वतनदाराच्या जागी पगारी तलाठी आला. दप्तर घरातून निघून चावडीत गेले. कित्येक घरांचा मान गेला, उत्पन्न गेले, मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरू लागली. पण शेतकऱ्याला आपला उतारा हक्काने मागता येऊ लागला, हेही तितकेच खरे. कचेरी म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. काम सर्वांच्या नजरेस पडावे, यासाठी माणसांनी केलेली ती सोय आहे.

मग घरातले काम वाईटच का? त्याचे उत्तर कलघटगीतच आहे. येथील लाकडी पाळणा साऱ्या उत्तर कर्नाटकात नावाजलेला. त्यावर रामायणातले, कृष्णचरित्रातले प्रसंग रंगवलेले असतात, आणि ही कला मोजक्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांच्यावर देखरेखीला मुकादम लागत नाही. पाळणा तयार झाला की तोच आपली साक्ष देतो. काम पारखता येत असेल, तर कामगार कुठे बसला हे विचारण्याचे कारण उरत नाही.

संगणकाचे काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. त्याचा इतिहासही घर-कचेरीच्या येरझाऱ्यांचाच आहे. १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस सुरू केली ती घरातूनच. हुबळीच्या बी. व्ही. बी. महाविद्यालयात शिकलेल्या सुधा मूर्ती, माहेरच्या कुलकर्णी, यांनी त्यासाठी दहा हजार रुपये दिले होते. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरास गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत काम अमेरिकेला जाऊ लागले. माणसे इथे आणि मालक सातासमुद्रापार! म्हणजे हा धंदाच मुळी दूर बसून काम करण्याचा. तरीही कॉल सेंटरसारख्या सेवा केंद्रांना घरून काम देण्यावर दूरसंचार खात्याचे कडक निर्बंध होते. ते मार्च २०२० मध्ये तात्पुरते सैल झाले आणि नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी बहुतेक निघाले.

त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सीने जाहीर केले, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक माणसांना कचेरीत यावे लागणार नाही. पण ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत हजर राहायला सांगितले. तीन वर्षांत चक्र उलटे फिरले.

मालक म्हणतात, नवखा शेजारी बसल्याशिवाय शिकत नाही. यात तथ्य आहे. कुलकर्ण्याचा मुलगा आणि पाळणेवाल्याचा मुलगा दोघेही शेजारी बसूनच शिकले. मुले म्हणतात, काम पुरे झाले ना, मग तीन तास रस्त्यावर का घालवायचे? यातही तथ्य आहे. पण दोन्ही पक्षांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जाते. घरून काम करताना वीज, खोली, शांतता हा कचेरीचा खर्च घरावर पडतो, आणि हजेरी संगणक घेतो. पूर्वी दप्तर कुलकर्ण्याच्या ताब्यात होते, म्हणून घरी बसूनही सत्ता त्याची. आज घरात बसलेल्या मुलाचे दप्तर मात्र कंपनीच्या ताब्यात आहे. घर त्याचे, चावडी दुसऱ्याची!

आपल्या जिल्ह्यांपुढचा खरा प्रश्न याहून निकडीचा आहे. त्या दीड-दोन वर्षांत म्हाताऱ्या आई-वडिलांना मुले पुन्हा दिसली. नातवंडे आजीशी मराठी आणि शेजाऱ्यांशी कन्नड बोलू लागली. मुले परत गेली तशी घरे पुन्हा ओस पडली. ऑगस्ट २०२२ मध्ये हुबळीच्या विमानतळाजवळ इन्फोसिसचे बरेच दिवस बंद असलेले संकुल सुरू झाले. त्यासाठी येथील लोकांना मागणी लावून धरावी लागली होती. कलघटगीहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, इतकेच ते अंतर. काम चारचौघांत व्हावे आणि रात्री माणूस आपल्या घरी असावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची साधी अपेक्षा होती. दप्तर घरी की चावडीत, हे १९५१ मध्ये सरकारने ठरवले. चावडी गावाजवळ असावी, हे आता आपल्याला मागावे लागेल.