नाव एक, रचना दोन

सातवीच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन्ही तुकड्यांत प्रकाश जाधव नावाचा एकेक मुलगा असला, तरी शिक्षकांचे काही अडत नाही. तुकडी सांगितली की काम भागते. पण गुणपत्रके तुकडी न लिहिता एकाच गठ्ठ्यात आली, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जातील आणि गुणपत्रकाकडे पाहून ही चूक कोणालाही कळणार नाही. संगणकाच्या आज्ञावल्यांमध्ये हाच प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षे सोडवला जात आहे. त्याचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

आज्ञावली लिहिताना आपण नावे वापरतो. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हा ही नावे गळून पडतात. स्मृतीत उरतात ते नुसते बाइट. आज्ञावलीत दोष असेल तर तिला मध्येच थांबवून स्मृतीत काय आहे ते पाहावे लागते. हे काम करणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. कोणत्या बाइटांचा अर्थ काय, हे डीबगरला कळावे म्हणून कंपायलर यंत्रभाषेसोबत वेगळी टिपणेही लिहून ठेवतो.

आता एक उदाहरण घेऊ. सी भाषेतील एका आज्ञावलीच्या दोन फाइली आहेत आणि दोन्हींत ‘नोड’ नावाची रचना आहे. पहिलीत आधी ‘गुण’ हा 4 बाइटांचा पूर्णांक आहे आणि मग पुढच्या नोडचा पत्ता. दुसरीत आधी डाव्या व उजव्या फांदीचे असे दोन पत्ते आहेत आणि मग ‘गुण’. सी भाषेत अशा रचनेचे नाव त्या त्या फाइलीपुरतेच असते, त्यामुळे हे नियमाला धरूनच आहे. आजच्या नेहमीच्या 64 बिटी यंत्रावर पत्ता 8 बाइटांचा असतो. म्हणजे पहिल्या रचनेत ‘गुण’ 0 व्या बाइटापासून सुरू होतात, तर दुसरीत 16 व्या बाइटापासून. दुसऱ्या रचनेत 72 गुण साठवले आहेत, पण डीबगरने पहिलीची व्याख्या लावली, असे समजा. मग तो डाव्या फांदीच्या पत्त्यातले 4 बाइट उचलून तेच गुण म्हणून दाखवील. तक्रार करणार नाही, इशाराही देणार नाही. आणि आपण, जिथे दोष नाही तिथे तो शोधत बसू.

या टिपणांची एक जुनी पद्धत म्हणजे स्टॅब्ज. तिचे श्रेय बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पीटर केसलर यांना दिले जाते. पास्कल भाषेच्या डीबगरसाठी ती तयार झाली. या पद्धतीत कंपायलर प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक देतो आणि पुढे त्या क्रमांकानेच त्याचा उल्लेख करतो. हजेरीपटातल्या क्रमांकासारखाच हा क्रमांक एका फाइलीपुरता असतो. त्यामुळे एका फाइलीच्या आत घोटाळा होत नाही.

पुढे 1980 च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्सच्या नव्या आवृत्तीसाठी ड्वार्फ ही पद्धत आली. त्याच प्रणालीतल्या फाइलींच्या रचनेचे नाव एल्फ असे होते. परीकथांतल्या या एल्फच्या जोडीला ड्वार्फ, म्हणजे बुटका, आला. हिची दुसरी आवृत्ती 1993 मध्ये निघाली. ड्वार्फमध्ये टिपणे झाडासारखी मांडलेली असतात: फाइल, तिच्या पोटात फलन, त्याच्या पोटात चल. प्रत्येक चलाच्या नोंदीत त्याच्या प्रकाराच्या नोंदीचे नेमके स्थान दिलेले असते. म्हणजे चलाचा प्रकार शोधताना नावाची गरजच पडत नाही.

नावाची गरज दोन ठिकाणी उरते. पहिले म्हणजे आपण स्वतः डीबगरला ‘नोड’ असे विचारतो तेव्हा. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेला जीडीबी हा डीबगर अशा वेळी आज्ञावली जिथे थांबली आहे तिथला परिसर आधी पाहतो, मग ती फाइल, आणि त्यानंतर बाकीच्या फाइली. दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. एखाद्या फाइलीत ‘नोड नावाचे काहीतरी आहे, त्याचा हा पत्ता’ एवढेच लिहिलेले असते. रचना दुसरीकडे असते. कंपायलरला जे माहीत नाही ते तो टिपणार कसे? मग जीडीबी इतर फाइलींत त्याच नावाची पूर्ण व्याख्या शोधतो. अशा व्याख्या दोन असल्या, तर निवडीला नावापलीकडे फारसा आधार नसतो. ही सोय नको असेल तर बंद करता येते.

2010 मध्ये ड्वार्फच्या चौथ्या आवृत्तीने आणखी एक मार्ग दिला. एकाच रचनेचे टिपण शेकडो फाइलींत पुन्हा पुन्हा लिहिले जाई, ती जागा वाचवणे हा मूळ हेतू होता. त्यासाठी रचनेचे नाव, तिचे घटक, त्यांचे प्रकार व स्थाने या सगळ्यांवरून 64 बिटांचा एक अंक काढतात. हा जणू रचनेच्या अंगठ्याचा ठसा. आपल्या दोन ‘नोड’चे ठसे वेगळे येतात, म्हणून त्या एकमेकींत मिसळत नाहीत. गंमत अशी, की घटक म्हणून दुसऱ्या रचनेचा पत्ता असेल, तर ठसा काढताना त्या रचनेचे फक्त नाव आणि ते कोणत्या परिसरातले आहे एवढेच धरतात. त्यामुळे एकमेकींचे पत्ते बाळगणाऱ्या रचनांचा हिशेब आटोपशीर राहतो.

क्रमांक, स्थान, ठसा असा हा प्रवास आहे. स्टॅब्ज लिहिण्याची सोय जीसीसी या कंपायलरमधून 2023 मध्ये काढून टाकण्यात आली. ड्वार्फ आजही वापरात आहे. तरीही अपुऱ्या माहितीच्या जागी नावावर विसंबावे लागतेच. म्हणून डीबगरने दाखवलेला आकडा विचित्र वाटला, तर आज्ञावलीला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा ‘नोड’ कोणत्या तुकडीतला?